ब्रेकखालचं लिंबू

पारोळ्याच्या झुलाल आबा पाटलांच्या हातून तीस वर्षांत एकही अपघात झालेला नाही. हे ते स्वतःच सांगतात, त्यामुळे त्यावर शंका घ्यायची सोय उरत नाही. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर पुरावाही टांगलेला आहे: रस्ता सुरक्षा सप्ताहातला फोटो, अंगावर शाल, हातात नारळ आणि शेजारी सत्कार करणारे पाहुणे. त्या पाहुण्यांची गाडी कार्यक्रमाला येतानाच दुभाजकावर चढली होती, पण ते फोटोत दिसत नाही.

आबांच्या व्हॅनवर खरोखर ओरखडा नाही. डाव्या बाजूचा आरसा तर शोरूममधून निघाला तसा कोरा आहे, कारण तो त्यांनी कधी उघडलाच नाही. उघडा आरसा गर्दीत फुटतो. शिवाय मागे काय चाललंय ते मागच्यानं बघावं, आपण पुढे बघावं, असं त्यांचं साधं धोरण. तीस वर्षांत त्यांच्या मागे काय काय झालं, हे त्यामुळे कोणालाच ठाऊक नाही. त्यांना तर नाहीच.

सुरुवात सावद्याच्या केळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून झाली. ड्रायव्हरला झोप आली की झुलालनं स्टिअरिंग धरायचं, आणि ड्रायव्हरला झोप रोज यायची. पुढे लायसन निघालं. म्हणजे एजंटनं ते घरी आणून दिलं. झुलालनं पेढे वाटले, एजंटलाही एक दिला. मग पारोळा ते धुळे काळी-पिवळी जीप. तिच्यात बसायचे नऊ आणि मावायचे वीस. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक प्रवासी बसे, आणि गिअर टाकायचा तर आधी कोणाच्या तरी गुडघ्याची परवानगी घ्यावी लागे. एवढं सगळं करून धडधाकट राहिलेल्या माणसाला लोक आबा म्हणू लागले, आणि आबांना वाटलं आपण आता शिकवायला हरकत नाही.

शिकवायचे ते मनापासून. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, डिझेल वाचतं. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं तर उजवा इंडिकेटर द्यायचा.

"आणि आबा, आपल्यालाच उजवीकडे वळायचं असलं तर?" गाडी शिकायला आलेल्या एका मास्तरनं एकदा विचारलं.

"मग हात बाहेर काढाना," आबा म्हणाले. "हात कसाले देयेल शे देवनी?"

फाट्यावरचा मारुती आला की मात्र स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडायचे. एका हाताचा नमस्कार आबांना पटत नसे. एका हातानं सलाम करतात, नमस्कार नाही.

सकाळ-दुपार ते गावातल्या एका इंग्रजी शाळेची व्हॅन चालवत. पिवळी, चौदा पोरांची, मागे 'मुलांना जपा' असं लिहिलेली. ड्रायव्हिंग स्कूल हा त्यांचा धंदा होता, पण ही व्हॅन त्यांची गादी होती. चौकात पोरांचे आईबाप वाट बघत उभे राहत, व्हॅन आली की "आबा आले" म्हणत. गावात अजून कोण कोणासाठी इतक्या नेमानं उभं राहतं? सून दिपमालाची मुलगीही त्याच व्हॅनमधून जायची.

अशा सुखात भूषणचं मशीन आलं.

भूषण हा आबांचा भाचा, जळगावच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकवणारा. त्यानं स्वस्तातला सिम्युलेटर बनवला होता. धुळ्याच्या भंगार बाजारातून आणलेली एका मोडक्या गाडीची सीट, खेळातलं स्टिअरिंग, तीन पेडल, समोर टीव्ही आणि सीटखाली कॉम्प्युटर. कंपन्यांची मशीनं खेड्यापाड्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलला परवडत नाहीत, म्हणून हे. पडद्यावर त्यानं पारोळ्याचाच रस्ता उतरवला होता: बाजार, म्हशी, उलट्या बाजूनं येणारा मोटारसायकलवाला, कपाशीच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, पुलाचा उतार आणि फाट्यावरचा मारुती. स्टिअरिंगच्या कव्हरखाली पट्ट्या होत्या. दोन्ही हात सुटले की मशीनला कळे आणि मार्क कापले जात. आरशात बघण्यासाठी दोन बटणं होती. ती न दाबता वळलं तरी मार्क कापले जात.

"मामा, यावर आधी पंधरा दिवस सवयी लावायच्या आणि मग रस्त्यावर न्यायचं. इथं ठोकलं तर कोणी मरत नाही."

"डिझेल लागस का?" आबांनी विचारलं.

"नाही. लाईट लागते."

"क्लचप्लेट?"

"जळत नाही."

आबांना शास्त्र पटलं. शिवाय उद्घाटन म्हणजे शाल आलीच.

उद्घाटनाला शाळेचे चेअरमन हीरालालशेठ आले. धान्याचे व्यापारी, शांत माणूस. घरी पाणी गाळून पितात, आणि पावसाळ्यात मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघत चालतात. गाडी ड्रायव्हर चालवतो. मशीनला हार घातला, हळदकुंकू लावलं, आणि मग आबांच्या लक्षात आलं की लिंबं राहिली. नवी गाडी आली की चाकांखाली लिंबं ठेवून ती त्यांवरून न्यायची, त्याशिवाय गाडीची दृष्ट निघत नाही.

"मामा, याला चाकंच नाहीत," भूषण म्हणाला.

"गाडी शे का नही?"

"गाडीसारखं आहे."

"मग जठे पाय ठेवतस तठे ठेव."

भूषणनं कपाळाला हात लावला, म्हणून आबांनी स्वतः वाकून तिन्ही पेडलखाली एकेक लिंबू सरकवलं. क्लचखालचं पिकलेलं होतं, ॲक्सिलरेटरखालचंही. ब्रेकखाली गेलं ते हिरवंगार, दगडासारखं.

शेठ चप्पल काढून बसले. पहिल्या पेडलखाली फचकन रस निघाला, तिसऱ्याखाली निघाला, लोकांना बरं वाटलं. पडद्यावर बाजार सुरू झाला. शेठनी एका भाजीवालीला बघून ब्रेकवर पाय दिला, आणि पाय जिथल्या तिथे राहिला.

"आपण एका पादचाऱ्याला धडक दिली आहे," मशीनमधली बाई म्हणाली. "कृपया ब्रेक दाबा."

"दाबतोय ना, बाई," शेठ म्हणाले.

"आपण दोन पादचाऱ्यांना धडक दिली आहे."

शेठ घामाघूम झाले. घाबरला माणूस जिथे जोर लागतो तिथे जोर देतो, आणि जोर फक्त ॲक्सिलरेटरवर लागत होता. हातगाडी गेली, मोटारसायकल गेली, बाजारातून बाहेर पडेपर्यंत सात माणसं आणि एक म्हैस झाली. शेवटी शाळेच्या भिंतीवर आपटून पडदा थांबला. उद्घाटन संपलं की टाळ्या वाजवायच्या असतात म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेठ उठले नाहीत. "झुलालभाऊ, ब्रेक लागत नव्हता."

भूषण वाकायला लागला तसे आबा पेडलांच्या पुढे येऊन उभे राहिले. चेअरमनच्या पायाखाली आपण कच्चं लिंबू ठेवलं, हे चारचौघांत सांगणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. तोंडात जे आलं ते ते बोलून गेले.

"शेठ, हे मशीन कोणाची भीड ठेवत नाही. ज्याला गाडी येत नाही, त्याचा ब्रेक इथं लागतच नाही. खरं ते दाखवतं."

"असं?"

"शंभर टक्के खरं."

शेठनी चप्पल पायात सरकवली. मग म्हणाले, "मी गाडी चालवत नाही, तरी सात माणसं मारली. जे चालवतात त्यांचं काय असेल? आपल्या शाळेच्या दोन्ही व्हॅनवाल्यांना यावर बसवा. सत्तरच्या वर मार्क पडले तर पोरं त्यांच्या गाडीत. नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघू."

आबांना गुदगुल्या झाल्या. दुसरी व्हॅन तोताराम चौधरीची होती, आणि तोतारामचे आजवर तीन अपघात झालेले, गावाला तोंडपाठ. घरी जाईपर्यंत आबा हसत होते.

"लिंबाचं शेठना सांगायला हवं," भूषण ते हिरवं लिंबू हातात धरून म्हणाला.

"कोणतं लिंबू?"

"हे."

"ते प्रसादनं शे," आबा म्हणाले आणि त्यांनी ते खिशात घातलं.

परीक्षेच्या दिवशी आबा शाल घेऊनच आले होते, एकाच कार्यक्रमात दोन कामं व्हावीत म्हणून. शेठ, भूषण, तोताराम आणि चहावाल्यासकट अर्धी गल्ली हजर. आबांनी सीट मागे सरकवली, आरामात रेलले आणि निघाले. बाजारात त्यांनी हॉर्न सुरू केला तो सोडलाच नाही. पण भूषणच्या बाजारातली माणसं हॉर्नला भीत नव्हती. आबांना असली माणसं नवीनच होती, दोन आडवी झाली. मागून ट्रक आला, तसा त्यांनी सवयीनं उजवा इंडिकेटर दिला. मशीननं तो उजवीकडे वळण्यासाठी धरला, आणि वळले नाहीत म्हणून मार्क कापले. पुलाच्या उतारावर गाडी न्यूट्रल झाली, तिथे बाईनं नुसता उसासा टाकला असता तरी चाललं असतं, पण ती म्हणाली, "कृपया गाडी नियंत्रणात ठेवा."

"तीस वर्षांपासून ठेवस मी," आबा तिला म्हणाले.

मग फाटा आला. शेंदरी देऊळ पडद्यावर दिसताच आबांचे दोन्ही हात आपोआप छातीशी गेले, डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ट्रॅक्टरच्या दुसऱ्या ट्रॉलीत होते. कपाशीत.

एकतीस मार्क पडले.

तोतारामला अडतीस. तोही नापास झाला, पण आबांना एकतीसपेक्षा ते अडतीसच जास्त लागले.

"आबा, माझे तीन झाले म्हणून लोक नावं ठेवतात," तोताराम पानाच्या टपरीवर म्हणाला. "पण तीन झाले म्हणून मला ब्रेक कुठे असतो ते तरी माहीत शे."

शेठनी एक संधी अजून दिली. पुढच्या सोमवारी. तोवर आबांनी सराव करावा असं ठरलं. सराव कोणापुढे करायचा हा प्रश्न होता, कारण मशीन लावायचं, बंद करायचं आणि शिकाऊंना त्यावर बसवायचं काम दिपमाला करत होती. तिचा नवरा समाधान वरणगावला कारखान्यात, रविवारी येणार. तिच्याकडे लायसन होतं, सासऱ्याच्याच स्कूलमधून निघालेलं, त्यामुळे गाडी चालवायची वेळ कधी आली नव्हती. घरात ड्रायव्हर असताना सुनेनं कशाला, असं आबांचं म्हणणं. मशीन दाखवायचं म्हणून ती त्यावर बसू लागली. पहिल्या दिवशी तिनं म्हैस, हातगाडी आणि पोलिसाला एकाच वळणावर उडवलं होतं, आणि स्वतःवरच इतकी चिडली की जेवण विसरली. आता ती शिकाऊंना शांतपणे सांगे, "आधी बटण, मग वळण." फक्त चालवायची फार हळू. तिच्या मागे पडद्यावर सुद्धा रांग लागायची.

"आबा, हात," ती मागून म्हणायची.

"दिखस माले."

"मारुती यायच्या आधीच घट्ट धरा."

"तू माले मारुती शिकाडू नको."

पण हात ऐकत नव्हते. बाकीचं हळूहळू सुधारलं, न्यूट्रल सुटला, हॉर्न निम्म्यावर आला, मार्क अठ्ठावन्नपर्यंत चढले. मारुतीपाशी मात्र रोज कपाशीत. शेवटी त्यांनी भूषणला फोन केला.

"ते देऊळ काढी टाक ना तठून."

"काढतो मामा. पण गावात विचारतील, मारुतीचं देऊळ कोणी काढायला लावलं?"

आबांनी फोन ठेवला. असल्या बातम्या पारोळ्यात मशीनपेक्षा जास्त वेगानं धावतात.

सोमवारी तोताराम आधी बसला. अंगात सदरा ओला, ओठ हलताहेत, जणू बाईच्या आधी तोच स्वतःला बजावतोय. देऊळ आलं तेव्हा त्यानं स्टिअरिंग इतकं आवळलं की बोटं पांढरी पडली, आणि नुसती मान वाकवली. बाहत्तर. तोताराम पास. गल्लीला हे इतकं अनपेक्षित होतं की कोणी टाळीही वाजवली नाही.

मग आबा. बाजार नीट गेला. पूल नीट गेला. आबांनी देऊळ येण्याआधीच डोळे देवळावरून काढून डांबरावर रोवले. पण डोळ्यांना जे दिसलं नाही ते हातांना कळलं, आणि दोन्ही हात सुटून छातीशी आले.

"आपण ट्रॅक्टरला धडक दिली आहे," बाई म्हणाली. चौपन्न.

आबा सीटवरून उठलेच नाहीत. व्हॅन गेली. चौकातले आईबाप उद्या तोतारामला "तोतारामदादा आले" म्हणणार. तीस वर्षं डोळ्यांपुढून गेली आणि त्यांचा तोल सुटला.

"शेठ, मशीनच खोटं शे."

"तुम्हीच म्हणालात शंभर टक्के खरं."

"खोटं शे. त्या दिवशी तुमचा ब्रेक लागला नाही, कारण ब्रेकखाली लिंबू होतं. कच्चं. म्हणून दबला नाही. तुमची काही चूक नव्हती."

भूषणनं जमिनीकडे बघायला सुरुवात केली. शेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे ती सात माणसं माझ्या माथी नाहीत."

"नाहीत शेठ. अजिबात नाहीत."

"पंधरा दिवस मला झोप नाही, झुलालभाऊ." "लिंबू कोणी ठेवलं?"

"मीच."

"मग तुम्ही तर," शेठ सावकाश म्हणाले, "गाडीत न बसता सात मारले."

तोतारामला हसू आवरेना. आबांनी आजही सोबत आणलेली शालीची घडी उचलली, पण ती ठेवायची कुठे ते त्यांना सुचेना.

"व्हॅन तुमचीच राहू द्या," शेठ पुढे म्हणाले. ते व्यापारी होते, माणूस बाद करताना माल बाद करत नसत. "फक्त सीटवर पास झालेला माणूस पाहिजे. आहे कोणी?"

मग दिपमालानं डोक्यावरचा पदर नीट केला, सासऱ्याच्या समोरून जाऊन सीट पुढे ओढली आणि बसली. तिला पडद्यावरचा रस्ता पार करायला इतका वेळ लागला की चहावाला मध्येच जाऊन दूध बघून आला. एक्क्याऐंशी.

"लायसन आहे का, ताई?" शेठनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "आबांनीच काढून दिलंय."

त्यानंतर भूषणनं तिला आठवडाभर रिकामी व्हॅन घेऊन खऱ्या रस्त्यावर फिरवलं, तेव्हा कुठे शेठनी पोरं बसू दिली. गावात आता आबांचं म्हणणं असं आहे: "गाडी मीच चालाडस, हात तेवढा तिना." ते रोज सकाळी व्हॅनमध्ये डावीकडे बसतात. पहिल्या दिवशी दिपमालानं डावा आरसा उघडायला सांगितला, तर तो उघडेना. इतकी वर्षं मिटून त्याचा सांधा गंजला होता. तेल घालून उघडला तेव्हा काचेवर शोरूमची प्लास्टिकची पट्टी तशीच होती. आबांनी ती नखानं सोलली आणि खिशात ठेवली, का ते विचारू नये. दिपमालानं त्यांच्यासमोर काचेला एक छोटा जादा आरसाही चिकटवून दिला, शिकवणाऱ्यासाठी असतो तसला. आबांना तो मान वाटला.

शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेकही असतो. शाळेच्या व्हॅनला तो नाही. त्यामुळे आबा पायाखालची चटई दाबतात, प्रत्येक वळणाला, आणि गाडी थांबली की ती आपल्यामुळे थांबली असं धरून चालतात. नमस्काराची वाटणी मात्र दोघांत ठरली आहे. फाटा जवळ आला की दिपमाला समोरून नजर न काढता म्हणते, "आबा, मारुती," आणि आबा दोघांच्या वतीनं हात जोडतात. मोकळ्या हातांचं एवढं काम तरी उरलं आहे.

परवाही ती तसंच म्हणाली. आबांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले, आणि नजर त्या छोट्या आरशात गेली. दिपमालाच्या हळूपणामुळे मागे रांग लागली होती, आणि रांगेत पहिली, अगदी चिकटून, तोतारामची पिवळी व्हॅन होती. पोरांनी भरलेली. पुढे तोताराम, बाहत्तर मार्कांचा, डोळे मिटून, दोन्ही हात छातीशी.

स्टिअरिंग कोणीच धरलेलं नव्हतं.

आबांनी चटईवर जीव खाऊन पाय दाबला.

"काय झालं आबा?" दिपमालानं विचारलं.

"जरा जोरमा चालाड, पोरी," आबा म्हणाले. आरशावरची नजर त्यांनी शाळा येईपर्यंत काढली नाही.